निफाडचा धूर, साल्हेरचं आकाश आणि मैत्रीवरून आलेला दादा

मार्गशीर्षातल्या अमावस्येला जोडून शुक्रवार ते रविवार निफाड, सटाणा आणि साल्हेर असा दौरा केला. किल्ल्यासाठी नाही, आकाशासाठी. सोबत दादा होता, माझा मावसभाऊ. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर तो हिवाळा काढून आलाय, तिथली विजेची आणि यंत्रांची कामं सांभाळायचा. ध्रुवांवरच्या आकाशात ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवर हवेच्या लाटा फुटतात आणि वरच्या हवेचं सगळं चलनवलन त्यांच्यावर चालतं, हे त्याच्याकडून ऐकल्यापासून मला ते बघायचंच होतं. अंटार्क्टिका जमण्यातलं नव्हतं. दादा म्हणाला, "नाशिक जिल्ह्यात जेवढं दिसतं तेवढं तरी आधी बघून घे. पुष्कळ आहे."

शुक्रवार: निफाड

संध्याकाळी मित्राच्या मळ्यावर पोचलो. बागेत घड धरलेले, मणी अजून हिरवे आणि कडक. मित्राचे वडील, अण्णा, ओट्यावर कानटोपी घालून बसले होते. "थंडी बघायला आलात म्हणे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पेपरात रोज छापून येतो, आणि तो आकडा एक अंकी झाला की इथल्या बागायतदारांची झोप उडते. गारठ्यानं मणी फुगायचा थांबतो, पुढे पाणी उतरलेला मणी तडकतो. मग पहाटे ठिबक सोडायचं आणि बांधाबांधाला शेकोट्या पेटवायच्या.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि गरम दूध. अण्णांनी दादाला मैत्रीबद्दल खोदून खोदून विचारलं: पाणी कुठून आणता, भाजी मिळते का, सूर्य किती दिवस उगवत नाही. पाणी जवळच्या प्रियदर्शिनी तळ्याचं, आणि सूर्याची गैरहजेरी साधारण दोन महिन्यांची, हे ऐकून अण्णांच्या मातोश्री म्हणाल्या, "मग दिवा कोणत्या वेळेला लावायचा रे बाबा?" दादा म्हणाला, "घड्याळात सात वाजले की आम्ही लावायचो आजी." त्यांचं समाधान झालं.

पहाटे चारला अण्णांनीच उठवलं. गडी माणसांनी भुसा आणि ओला पाला टाकून शेकोट्या धुमसत ठेवल्या होत्या. वारा जवळजवळ नव्हताच. धूर सरळ वर निघत होता, लिंबाच्या शेंड्याच्या जरा वर पोचत होता आणि तिथे थांबत होता. थांबून आडवा पसरत होता. तांबडं फुटायला लागलं तसा तो थर स्पष्ट दिसू लागला. बागेच्या या टोकापासून कालव्यापर्यंत एकाच उंचीवर, वर आकाश स्वच्छ आणि खाली मंडपही स्वच्छ.

दादानं मला कालव्याच्या बांधावर उभं केलं आणि म्हणाला, "आता दूरच्या त्या विजेच्या खांबाकडे बघत राहा. धुराची खालची कड खांबावर कुठे आहे तेवढंच बघ."

कड चिमणीच्या, म्हणजे खांबावरच्या चिनी मातीच्या कपांच्या, वर होती. हळूहळू खाली आली. कप झाकले गेले, खांबाचा वरचा हातभर भाग गेला. मग थांबली आणि परत वर सरकायला लागली. कप पुन्हा मोकळे झाले. घड्याळ लावलं तर एका फेऱ्याला दोन-अडीच मिनिटं लागत होती. शेजारच्या खांबावर हेच थोडं उशिरा होत होतं, त्याच्या पलीकडच्या खांबावर आणखी उशिरा. लाट आमच्यासमोरून चालत निघाली होती. आयुष्यभर थंडीतला धूर बघत आलेले अण्णा दोन फेरे होईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे रोज होतं?"

वारा पडलेला असेल तर जवळजवळ रोज. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवा बसते. अशा थरांमध्ये खालची हवा थोडी जरी वर ढकलली गेली तरी ती भोवतालपेक्षा जड ठरते आणि वजनानं खाली येते. येताना वेग असतो म्हणून नेमक्या जागी थांबत नाही, खाली जास्त जाते, मग भोवतालची हवा तिला वर उचलते. हे वर-खाली पुढे पुढे सरकत जातं. परत ओढणारं बळ गुरुत्वाचं, म्हणून या गुरुत्व लहरी. अण्णांनी लगेच विचारलं, "ते औंढा नागनाथला लायगो होतंय, तेच का?" नाही. लायगो ज्या पकडणार त्या कृष्णविवरांसारख्या अवाढव्य वस्तू एकमेकांत विलीन होताना निघणाऱ्या, खुद्द अवकाश-काळातल्या लहरी. या आपल्या हवेतल्या. थर जितका घट्ट, तितकं हेलकावणं जलद: इथे दोन-अडीच मिनिटं, मोकळ्या आकाशात ढगांच्या उंचीवर दहाएक मिनिटं, आणि पार वर नव्वद किलोमीटरवर पाचएक मिनिटं. याहून जलद गुरुत्व लहर त्या त्या थरात टिकतच नाही.

ऊन चढलं, जमीन तापली, आणि नऊच्या सुमारास थर फाटून धूर सगळीकडे विरला.

निफाडला जाणार असाल तर मुक्काम गावात नको, मळ्यावर किंवा गोदाकाठच्या एखाद्या वस्तीवर करा. वस्ती जितकी सखल, तितका धुराचा थर ठळक. सहाच्या आत उठलं नाही तर काही हाती लागत नाही. नांदूरमध्यमेश्वर जवळच आहे. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं ते हेच. पक्ष्यांसाठी लोक येतातच, पण पाण्यावरचं धुकं बघायलाही तिथला मनोरा चांगला.

शनिवार: सटाणा आणि साल्हेरवाडी

पिंपळगाव, चांदवड, देवळा करत सटाण्याला आलो तो गावात पाय ठेवायला जागा नाही. देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा चालू होती. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सुरू होते ती चांगले दोन आठवडे चालते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ही गर्दी आम्हाला फळली. दर्शन घेतलं. दुष्काळात लोक उपाशी मरताना बघून सरकारी खजिना वाटून टाकणारा मामलेदार, त्याचं देऊळ होणारच. महाराज गेले १८८७ साली. दादाला ते साल वाचून वेगळंच आठवलं: त्याच वर्षी जर्मनीत ऑटो येसं यानं निशादीप्त ढगांचे पहिले फोटो काढले. उन्हाळ्यात, सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही उत्तरेकडे चांदीसारखे चमकणारे हे ढग १८८५ पासून लोकांच्या नजरेत भरले होते. नेहमीचे ढग दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, हे मात्र त्र्याऐंशीच्या आसपास. त्यांच्या अंगावरच्या रेघा, पट्टे आणि वळ्या म्हणजेच तिथून जाणाऱ्या लाटा, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

शेवभाजी खाल्ली. तर्री बेतानं घ्या, पुढे घाटाचा रस्ता आहे. चहावाल्यानं आमची तिपाई आणि पेट्या बघून विचारलं, "काय करी ऱ्हायनात भाऊ, पिक्चर का?" दादानं सांगितलं, रात्री आकाशाचे फोटो. त्यानं एका दमात सांगितलं की ताहाराबादच्या पुढे दिवे कमी होत जातात आणि मुल्हेरच्या पलीकडे तर गावच अंधारात असतं. माहिती अचूक निघाली.

ताहाराबादहून मांगी-तुंगीचे सुळके डावीकडे-उजवीकडे करत, मुल्हेर मागे टाकून दिवेलागणीला साल्हेरवाडीत पोचलो. साल्हेर आणि सालोटा समोर काळे उभे. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि पाट्यावरचा ठेचा वाढला. नागलीची भाकरी गरम असताना जितकी चांगली लागते तितकी निवल्यावर नाही, म्हणून त्या एकेक करून ताटात टाकत राहिल्या आणि आम्ही नको म्हणायचं विसरलो.

नऊला शेतात कॅमेरा लावला, तोंड उत्तरेला. आग्नेयेकडे सटाण्याच्या दिव्यांची झाक येते, उत्तर-वायव्येला डांगचं जंगल, तिकडे काळोख. तिथे डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नव्हतं. मृग चढत होता, दक्षिणेला अगस्त्य डोंगराला टेकलेला. दादा अगस्त्याकडे बघून म्हणाला, "मैत्रीवर हा मावळतच नाही. जवळजवळ डोक्यावरून फिरतो. आणि मृग उलटा, उत्तरेला क्षितिजाजवळ."

वीस सेकंदांचा एक, असे फोटो लागोपाठ पडत गेले. तासाभरानं लॅपटॉपवर उघडले, कॉन्ट्रास्ट वाढवला, आणि क्षितिजाच्या थोडं वर फिकट हिरवा पट्टा आला. त्याच्या वर दुसरा, मग तिसरा. फोटो भराभर पुढे सरकवले की सगळे एकत्र उजवीकडे सरकत होते. मी आधी विरळ ढग समजलो असतो, पण पट्ट्यातून तारे तसेच्या तसे दिसत होते, एकही मंदावत नव्हता.

हा वायुदीप्तीचा उजेड. दिवसा सूर्याचे अतिनील किरण वर प्राणवायूचे रेणू फोडतात. रात्री सुटे अणू पुन्हा जुळतात आणि ती ऊर्जा ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात बाहेर पडते, साधारण ९५ ते ९७ किलोमीटरवर. हा थर सगळ्या पृथ्वीभोवती आहे, रोज रात्री आहे. लाट त्यातून गेली की हवा कुठे दाबली जाते, कुठे पसरते, उजेड कमीजास्त होतो आणि लाट दिसते. नव्वदच्या आसपास सोडियमचा पिवळा थर आहे, सत्त्याऐंशीला हायड्रॉक्सिलचा, म्हणजे हायड्रोजन-प्राणवायूच्या जोडीचा, तो अवरक्त म्हणून साध्या कॅमेऱ्याला जवळजवळ दिसत नाही. शास्त्रज्ञ बहुतेक त्याच्यावरच काम करतात. आपल्याकडे पन्हाळ्यावर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा सगळं आकाश टिपणारा कॅमेरा हेच करत आलाय.

मग दादानं गणित मांडलं. पट्टा क्षितिजापासून पंधराएक अंशांवर, थर ९७ किलोमीटर उंच, म्हणजे तो उजेड आमच्यापासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. नकाशा काढला. साल्हेरवाडीच्या शेतात उभं राहून आम्ही राजस्थानातल्या बांसवाड्याच्या डोक्यावरचं आकाश बघत होतो. शेजारच्या घरातली तीन-चार पोरं तोपर्यंत गोधड्या पांघरून आली होती. त्यांच्यातल्या मोठ्या मुलीनं विचारलं, "मग तिकडच्यांना आपल्यावरचं दिसत असेल?" दिसत असेल, कॅमेरा लावला तर. मला हा प्रश्न फार आवडला.

ध्रुवांचं महत्त्व याच शेतात नीट समजलं. लाट वर चढते तशी हवा विरळ होत जाते. ८५ किलोमीटरवर ती जमिनीलगतच्या लाखाव्या हिश्श्याहूनही विरळ असते. लाटेची ऊर्जा तीच, हलवायला वस्तुमान कमी, म्हणून हेलकावा वाढत जातो: आसुडाची मूठ जराशी हलते आणि टोक कडाडतं, तसं. खाली काही सेंटिमीटर प्रति सेकंद असलेली हालचाल वर शेकडो पटींनी मोठी होते आणि शेवटी लाट स्वतःला पेलवत नाही, फुटते. फुटताना आपला वेग तिथल्या वाऱ्याला देऊन टाकते. त्या धक्क्यानं उन्हाळी ध्रुवावरची हवा वर उचलली जाऊन हिवाळी ध्रुवाकडे वाहत राहते. वर उचललेली हवा पसरते आणि निवते, इतकी की पृथ्वीवरची सर्वांत थंड जागा अंटार्क्टिकाचं पठार नसून उन्हाळ्यात, चोवीस तास सूर्य असताना, ध्रुवावर ८५ ते ९० किलोमीटरवर असते: उणे १४० अंश आणि कधी त्याहूनही खाली. निशादीप्त ढग तिथेच गोठतात. सूर्य आकाशात आणि गारठा सर्वांत जास्त, आणि हे सगळं खालून आलेल्या लाटांमुळे. हे ऐकताना मला थंडी विसरायला झाली.

८ जुलै २०१८ ला स्वीडनमधल्या एसरेंजहून एक प्रचंड फुगा सोडला होता. ३८ किलोमीटर उंचीवर तरंगत पाच दिवसांत तो आर्क्टिक ओलांडून कॅनडाला गेला. त्यावरच्या सात कॅमेऱ्यांनी निशादीप्त ढगांचे साठ लाख फोटो काढले. फुटणाऱ्या लाटांच्या भोवऱ्यांचे, गुंडाळ्यांचे बारकावे काही मीटरपर्यंत त्यात दिसतात. दादाच्या फोनमध्ये त्यातले काही होते. ते बघून मी आमच्या फोटोंकडे परत वळलो. पट्टे फिकट होते, पण आमचे होते आणि आपल्या आकाशाचे होते.

साल्हेरवाडीला रात्र काढणाऱ्यांसाठी: अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे तीन दिवस निवडा. मोठ्या कोनाची, एफ २.८ किंवा त्याहून उघडी लेन्स, आयएसओ ३२०० आणि पंधरा ते वीस सेकंद पुरतात. दव फार पडतं. लेन्सभोवती मोजा गुंडाळून त्यात हातांना ऊब देणारी पुडी ठेवली की काच कोरडी राहते. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची खिशात अंगाशी ठेवा. घरी उतरलात तर जेवणाचे आणि राहण्याचे पैसे न विचारता, मोकळ्या हातानं द्या.

रविवार: साल्हेर

तीन तास झोपून साडेपाचला चढायला लागलो. साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, कळसूबाईखालोखाल दुसरं शिखर. १६७२ च्या लढाईत मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्या पायथ्याशी. २०२५ साली जागतिक वारशात गेल्यापासून येणारे वाढलेत. वाट सालोट्याच्या खिंडीतून, मग कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजे. खिंडीत वारा सुरीसारखा लागत होता. गंगासागर तलावाशी पोचलो तेव्हा ऊन आलं होतं, तिथे बसून मावशींनी बांधून दिलेली कालचीच भाकरी ठेच्याशी खाल्ली.

परशुरामाच्या देवळाशी उभं राहिलो आणि पश्चिमेला, डांगच्या वर, ढगांच्या ओळी. पाच-सहा किलोमीटर उंचीवरचे पांढरे, एकसारख्या अंतरावर लावलेले पट्टे, मध्ये निळ्या फटी. लाटेच्या माथ्यावर हवा चढून निवते तिथे ढग, उतारावर ती तापते तिथे फट. काल पहाटेचा धूर, रात्रीचे हिरवे पट्टे आणि हे, तिन्ही एकाच नियमानं.

मी दादाला म्हणालो, मग पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा आदळतो तेव्हा इथून जबरदस्त लाटा ध्रुवाच्या आकाशात जात असतील. तो म्हणाला, "नाही जात." आणि हे मला सगळ्या दौऱ्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं. डोंगरानं उठवलेली लाट डोंगराशी जागच्या जागी उभी असते. ती वर जाते, पण वाटेत जिथे वाऱ्याचा वेग शून्य होतो तिथे तिचा मार्ग संपतो. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा, आणि सहा-सात किलोमीटरवर तो उलटून पूर्वेचा होतो. उलटताना मध्ये कुठेतरी शून्य आलंच. सह्याद्रीच्या लाटा तिथे विरतात. वळवाच्या गडगडाटी ढगांनी उठवलेल्या लाटांना स्वतःचा वेग असतो, त्यातल्या काही निसटून वर पोचतात.

दक्षिण अँडीज आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पावर मात्र हिवाळ्यात पश्चिमेचा वारा जमिनीपासून पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत आणि त्याही वर सलग वाहतो, कुठे उलटत नाही. तिथल्या डोंगरांच्या लाटांना वर जायला वाट मोकळी, म्हणून जगातल्या सर्वांत जोरदार लाटा तिथल्या आकाशात सापडतात. अंटार्क्टिकावरच्या रोथेरा, हॅली, मॅकमर्डो, डेव्हिस, स्योवा अशा निरनिराळ्या देशांच्या केंद्रांनी मिळून कॅमेऱ्यांचं जाळं उभारलंय ते त्यासाठी. ध्रुवीय रात्रीत कॅमेरा दिवसचे दिवस चालू ठेवता येतो, ही आणखी सोय. अडचण ध्रुवप्रकाशाची, तो उजळला की हिरवा प्रकाश कामाचा राहत नाही, हायड्रॉक्सिलच्या अवरक्तावर जावं लागतं. स्योवाला जपान्यांचं हजारावर अँटेनांचं पॅन्सी रडार आहे, त्याला ढग काय आणि उजेड काय, वाऱ्याचं वर-खाली थेट मोजता येतं. अवकाश स्थानकावर नोव्हेंबर २०२३ मध्ये गेलेला नासाचा ऑ (AWE) कॅमेराही याच लाटा वरून बघण्यासाठी होता, पण स्थानक साडेएकावन्न अंश अक्षांशापलीकडे जातच नाही. ध्रुवांसाठी तिथे माणसंच जायला हवीत.

दादा पुन्हा जायचं म्हणतोय. मावशी, म्हणजे त्याची आई, अजून तयार नाहीये.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. पायऱ्या झिजलेल्या आहेत, मुरमावर बूट घसरतात. काठी घ्या आणि दोन लिटर पाणी खालूनच न्या. वणीमार्गे नाशिकला परतलो. दिंडोरीजवळ रस्त्याला रविवारची तुंबलेली रहदारी होती.

आता माघ अमावस्येला निफाड-साल्हेर दोन्हीकडे एकाच रात्री कॅमेरे लावायचं ठरतंय. सरळ रेषेत साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर अंतरावरून तोच पट्टा दोघांनी टिपला तर त्याची उंची काढता येईल. निफाडच्या कॅमेऱ्याची जबाबदारी अण्णांनी आपणहून घेतली आहे. शेकोट्यांमुळे ते तसेही जागेच असतात. तिसरा कॅमेरा लावायला मालेगाव किंवा येवला बाजूचं कुणी तयार असेल तर जरूर कळवा. साधा डीएसएलआर आणि तिपाई असली तरी चालेल, फक्त घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लावलेलं हवं.